छत्री आपल्या अंगणातली, निवड आपली

मिक्सर घ्यायचा असला की घरातल्या बाईला विचारतात. कुकर तीन लिटरचा की पाच लिटरचा, हेही तिलाच ठरवू देतात. पण टीव्हीची डिश घ्यायची वेळ आली, की दुकानात जातो घरधनी, ठरवतो दुकानदार आणि छपरावर चढतो मेकॅनिक. बाईच्या वाट्याला येतं ते चहा करणं आणि रिमोटची कोणती बटणं दाबायची नाहीत, हे ऐकून घेणं. खरं तर दिवसभर त्या टीव्हीशी संबंध तिचाच. मुलांचा अभ्यास तिच्या नजरेखाली, पावसाचा अंदाज तिला हवा, सरकारी योजनेची माहिती तिला हवी. आणि महिना संपता संपता पडद्यावर ‘रिचार्ज करा’ अशी पाटी आली, की डाळीच्या डब्यातली नोट काढून देणारीही तीच!

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे डिशला ‘छत्री’ म्हणतात. बचत गटांच्या कामानिमित्त मूल, सिंदेवाही, चामोर्शी, धानोरा, एटापल्ली अशा तालुक्यांतून माझं फिरणं होतं. गावात शिरलं की कवेलूंवर, टिनावर, कधी नुसत्या बांबूला बांधलेल्या छत्र्या दिसतात. त्यातल्या कितीतरी नुसत्याच शोभेच्या. कुणाचा रिचार्ज थकलेला, कुणाची वानरांनी वाकवलेली, कुणाची पहिल्या पावसात बंद पडली ती पडलीच. पैसे मात्र प्रत्येकीसाठी मोजलेले. म्हणून मला वाटतं, छत्री ही चैनीची नाही, संसाराची वस्तू आहे. ती कुकरसारखीच पारखून घेतली पाहिजे आणि ती पारख बाईनेच केली पाहिजे.

आता कुणी म्हणेल, हे तांत्रिक काम, बायकांना काय कळतं त्यातलं? दारूबंदीसाठी २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेलेल्या बायका याच जिल्ह्यातल्या. त्यांना मंत्रालयातल्या फायली कळतात आणि दोन फुटांची तबकडी कळत नाही होय?

पहिला प्रश्न, छत्री पैशाची की बिनपैशाची? छत्र्या दोन जातीच्या असतात. एक खासगी कंपनीची, दर महिन्याला पैसे भरायची. दुसरी दूरदर्शनची ‘फ्री डिश’. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ती सुरू झाली, तेव्हा तिच्यावर ३३ चॅनेल होते. पुढे नाव बदललं, चॅनेल शंभराच्या वर गेले, पण मुख्य गोष्ट बदलली नाही. एकदा छत्री, डबा आणि वायर घेतली की पुढे दरमहा एक पैसा द्यायचा नाही. सगळा संच साधारण दीड-दोन हजारांत बसतो. ‘फ्री डिश’ म्हणून कुणी महिन्याचे पैसे मागत असेल, तर खुशाल समजा की ती फ्री डिश नव्हे.

हिशेब आपण घरच्या वहीसारखा मांडू. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘ट्राय’चे नवे दर लागू झाले. तेव्हा पैशाच्या छत्रीवर पहिल्या शंभर चॅनेलसाठी नुसतं जोडणीचं शुल्क महिना १३० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे इतकं असू शकत होतं. वर्षाचे झाले १८४० रुपये. त्यात आवडत्या पैशाच्या चॅनेलचा एक रुपयाही धरलेला नाही. म्हणजे एका वर्षाच्या नुसत्या जोडणीच्या पैशात फ्री डिशचा अख्खा संच आला असता! आता महिन्याला अडीचशे रुपये धरा. वर्षाचे तीन हजार, पाच वर्षांचे पंधरा हजार. तेंदूपत्ता तोडणाऱ्या किंवा धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बाईला पंधरा हजार म्हणजे किती, हे मी सांगायला नको. बचत गटातून तिने एवढंच कर्ज मागितलं, तर आपण तिला दहा प्रश्न विचारतो. छत्रीला मात्र कुणी एकही विचारत नाही.

मी पैशाच्या छत्रीच्या विरोधात नाही. फ्री डिशवर सगळंच मिळतं, असंही नाही. मोठ्या वाहिन्यांच्या गाजलेल्या मराठी मालिका तिथे सहसा नसतात. खासगी चॅनेलना तिथली जागा लिलावात घ्यावी लागते, त्यामुळे यादी बदलत राहते. मोठ्या कंपन्यांचे काही हिंदी चॅनेल मार्च २०१९ मध्ये फ्री डिशवरून गेले, २०२० मध्ये परत आले, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेले. तेव्हा गावोगाव एकच तक्रार, छत्री बिघडली. छत्री ठणठणीत होती, पाहुणे निघून गेले होते! कधी कधी चॅनेल जागा बदलतात, तेव्हा डब्यातून नव्याने ‘स्कॅन’ केलं की सापडतात. हे पाच मिनिटांचं काम आहे. त्यासाठी तालुक्याहून माणूस बोलावून दोनशे रुपये देणं म्हणजे उंबरठ्यावरचा दिवा लावायला वायरमन बोलावणं.

मालिका बघणाऱ्या बायकांना नावं ठेवायचीही एक फॅशन आहे. मला ती पटत नाही. दिवसभर राबून रात्री अर्धा तास कुणाच्या तरी खोट्या सासूवर खरा राग काढता आला, तर बिघडलं कुठे? पण निवड डोळे उघडे ठेवून व्हावी. घरी नियमित पगार येतो, महिन्याचा खर्च झेपतो, तर जरूर पैशाची छत्री घ्या. पण ज्या घरात पैसा हंगामाने येतो, मोहात आणि तेंदूत हात भरतो आणि श्रावणात रिकामा होतो, त्या घरात दरमहा खाणारी वस्तू का आणायची? त्या घराने आधी फ्री डिश घ्यावी. तिच्यावर सह्याद्री आहे, बातम्या आहेत, शेतीसाठी २०१५ पासूनचा डीडी किसान आहे, सिनेमे आहेत, आकाशवाणीची केंद्रं आहेत. खिशात पैसा नसला म्हणून पडदा काळा होत नाही.

आणखी एक सांगते. छपरावर जुनी, बंद पडलेली पैशाची छत्री असेल, तर नवी छत्री घेण्याची घाई करू नका. बहुतेक वेळा तीच तबकडी योग्य दिशेला वळवून तिला फ्री डिशचा डबा जोडला की काम भागतं. डबा घेताना मात्र ‘एमपीईजी-४’चा मागा. जुन्या धर्तीच्या ‘एमपीईजी-२’ डब्यावर कमी चॅनेल दिसतात. दुकानदाराला हे एक वाक्य विचारलं, की पुढचं बोलणं तो जरा नीट करतो, हा अनुभव आहे.

आता दुसरा प्रश्न, छत्री केवढी? आमच्याकडे हाच सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच कुणी विचारत नाही. दुकानात ६० सेंटीमीटरची, म्हणजे दोन फुटांची तबकडी हातात देतात. कोरड्या मुलखात ती पुरते. पण आमचा मुलूख कोरडा नाही. “ताई, पाणी आलं का टीव्ही जाते,” हे वाक्य मी दर पावसाळ्यात ऐकते. इकडे पावसाला पाणीच म्हणतात. आणि टीव्ही जातो तो कुणाच्या शापाने नाही, त्याला कारण आहे.

या छत्र्या ‘केयू बँड’च्या लहरी पकडतात. या लहरी आखूड असतात, पावणेतीन सेंटीमीटरच्या आसपास. लहर जितकी आखूड, तितकी तबकडी लहान चालते, हा फायदा. पण लहर आखूड असली की पावसाचे टपोरे थेंब तिला अडवतात, शोषून घेतात, हा तोटा. १९७५-७६ साली आपल्या देशात ‘साइट’ नावाचा मोठा प्रयोग झाला होता. सहा राज्यांतल्या २४०० गावांत उपग्रहावरून थेट टीव्ही दाखवला गेला. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्याला खेटून असलेले तेव्हाचे मध्य प्रदेश आणि आंध्र प्रदेश होते. त्या वेळी गावागावांत दहा-दहा फुटांच्या जाळीच्या तबकड्या लावाव्या लागल्या होत्या. नंतरच्या काळात काही घरांच्या गच्चीवर सहा-आठ फुटांच्या ‘सी बँड’च्या मोठ्या छत्र्या आल्या. त्यांच्या लहरी लांब, साडेसात सेंटीमीटरच्या, म्हणून पावसाला त्या फारशा भीत नाहीत. पण घरासमोर आठ फुटांचा पाळणा उभा करणार कोण? तेव्हा लहान छत्रीची सोय हवी असेल, तर पावसासाठी थोडी मोठी घेणं आलंच.

किती मोठी? अंगणात पावसाचं पाणी धरायला आपण वाटी ठेवत नाही, परात ठेवतो. छत्रीचंही तसंच. ६० सेंटीमीटरऐवजी ७५ ची घेतली, तर सिग्नल धरणारी जागा दीडपटीहून जरा जास्त होते. ९० ची, म्हणजे तीन फुटांची घेतली, तर ती सव्वादोनपट होते. मुसळधार पावसात तरीही टीव्ही जाईल, पण भुरभुर पावसात जाणार नाही आणि गेला तर लवकर परत येईल. जादा खर्च होतो तो एकदाच.

हा फरक केवळ करमणुकीचा नाही. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो, हे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. वैनगंगेच्या काठच्या गावांनाही पुराची बातमी वेळेवर हवी असते. म्हणजे ज्या दिवशी बातमी सर्वांत जास्त हवी, नेमका त्याच दिवशी दोन फुटांच्या छत्रीवरचा टीव्ही मुका होतो. पूर्वी अँटेनावर तरी चित्र मुंग्या येत येत दिसायचं. दूरदर्शनने आपले जवळपास सगळे जुने जमिनीवरचे ट्रान्समीटर २०२१-२२ च्या सुमारास बंद केले आणि बांबूवरचा अँटेना कायमचा गेला. आता मोबाइलचा टॉवर नसलेल्या टोल्यावर बाहेरचं जग दिसण्याची वाट एकच, छत्री. अर्थात वीज गेली तर छत्रीही काही करू शकत नाही. म्हणून घरात सेलवर चालणारा एक छोटा रेडिओ असूच द्यावा, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते.

तिसरा प्रश्न, छत्री लावायची कधी आणि कुठे? इथे आमच्या जंगलाची एक गंमत आहे. छत्र्या विकणारे गावात येतात ते तेंदूच्या हंगामात, म्हणजे एप्रिल-मे महिन्यात, कारण तेव्हाच लोकांच्या हातात पैसा असतो. त्या वेळी आभाळ निरभ्र असतं आणि साग पुरता बोडका झालेला असतो. छत्री सागाच्या आड लावली, तरी चित्र झकास येतं. विकणारा पैसे घेऊन जातो. जून उजाडतो, सागाला सुपाएवढी पानं फुटतात, त्यावर पाणी साचतं आणि टीव्ही बंद. बाई म्हणते छत्री खराब, विकणारा म्हणतो पावसाचा दोष, आणि साग बिचारा गप्प उभा! म्हणून उन्हाळ्यात छत्री लावताना समोरच्या झाडाकडे ते भर पावसाळ्यात कसं दिसतं, हे आठवून बघावं. हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं. अंगण झाडणाऱ्या बाईला पक्कं ठाऊक असतं.

बघायचं कुठल्या दिशेला? फ्री डिशचा उपग्रह, जीसॅट-१५, नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, निकोबार बेटांच्या दक्षिणेला, विषुववृत्ताच्या बरोबर वर ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. चंद्रपूर-गडचिरोलीहून पाहिलं तर तो आग्नेयेला, किंचित दक्षिणेकडे झुकून दिसतो, आणि क्षितिजापासून सुमारे ६२ अंश वर. जुन्या बायका चूल आग्नेयेला असावी म्हणायच्या. छत्रीलाही तीच दिशा लागते, लक्षात ठेवायला सोपं! बाजारातल्या लहान छत्र्यांचा घाट असा असतो, की त्या उभट दिसतात, पण प्रत्यक्षात दिसतात त्यापेक्षा बऱ्याच वर पाहत असतात. त्यामुळे “ही तर भिंतीकडे बघून राहिली” म्हणून त्यांना मागे वाकवायला जाऊ नये.

उपग्रह इतका वर आहे, याचा आपल्याला मोठा फायदा आहे. आग्नेयेचं झाड छत्रीपेक्षा वीस फूट उंच असेल, तर ते साधारण अकरा फुटांच्या पलीकडे असलं की पुरे. म्हणजे झाडाची जास्तीची उंची मोजायची आणि तिच्या निम्म्याहून थोडं अधिक अंतर सोडायचं. फांद्या पसरतात, तेव्हा आणखी चार हात सोडावे. एवढ्यासाठी अंगणातला मोह तोडायची गरज नाही. छत्री दोन हात सरकवली तरी भागतं.

आणि आता माझा सगळ्यात लाडका मुद्दा. छत्री छपरावर लावायचं काही कारण नाही! उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर आहे. आपण तिला दहा फूट उंच चढवली, म्हणून त्याला कौतुक वाटणार नाही. समोर झाड किंवा भिंत आडवी येत नसेल, तर जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, सिमेंटमध्ये घट्ट रोवलेल्या लोखंडी पाइपवर ती छान चालते. बांबूवर नको, बांबू वाऱ्याने हलतो आणि छत्री दोन बोटं हलली तरी चित्र जातं. तबकडी मोठी असेल तर अधिकच. छपरावर लावली की कवेलू फुटतात, वानरं झोके घेतात, छप्पर गळतं. आणि मुख्य म्हणजे बाई छपरावर चढत नाही. चढली तर लोक बघतात. म्हणजे छत्री वर गेली, की ती बाईच्या हाताबाहेर गेली. मग मुलगा शाळेतून येईपर्यंत, नवरा वावरातून येईपर्यंत, मेकॅनिकला सवड होईपर्यंत वाट बघायची. तीच छत्री अंगणात, बोरीच्या काट्यांचं कुंपण करून लावली, तर बाई स्वतः तिच्यावरची पानं पुसेल, सैल झालेला नट आवळेल, एक जण आत टीव्हीसमोर आणि एक बाहेर छत्रीपाशी उभी राहून “आलं, आलं, थांब!” म्हणत दिशाही लावेल. डब्यावर सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात. त्यातली ‘क्वालिटी’ची पट्टी बघायची, ती जास्तीत जास्त भरली की आवळून टाकायचं. यात पुरुषाच्या हाताचं असं काहीच नाही. फक्त विजा कडाडू लागल्या की डब्याची वायर काढून ठेवायची. आपल्याकडे वीज पडून माणसं जातात, ते विसरून चालणार नाही. तेव्हा छत्रीला हात लावायला बाहेर जायचं नाही, पाऊस थांबेपर्यंत टीव्ही नाही दिसला तरी चालेल.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. त्याचं उत्तर २०२० च्या उन्हाळ्यानंतर मिळालं. शाळा बंद होत्या. शहरातली मुलं मोबाइलवर शिकत होती. त्या वर्षी २० जुलैपासून सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली. इंटरनेट लागत नव्हतं, रिचार्ज लागत नव्हता, फक्त सह्याद्री दिसणारा टीव्ही हवा होता. ज्या घरी चालती छत्री होती, त्या घरच्या मुलांना रोज काहीतरी पाहायला, करायला मिळालं. जिथे छत्री नुसतीच छपरावर होती, तिथली मुलं त्यालाही मुकली. पुढे ‘पीएम ई-विद्या’चे शैक्षणिक चॅनेलही फ्री डिशवर आले. मोठ्या वर्गांसाठी ‘स्वयंप्रभा’चे चॅनेल तर २०१७ पासून याच उपग्रहावरून दिसतात. किती घरांना हे माहीत आहे? दहावीच्या मुलीला शिकवणी लावायला पैसे नाहीत म्हणून हळहळणाऱ्या आईच्या अंगणातच तो वर्ग उघडा असतो आणि तिला कुणी सांगितलेलं नसतं.

आता सरकारकडे वळते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दूरदर्शन-आकाशवाणीसाठी ‘बाइंड’ नावाची २५३९ कोटी ६१ लाखांची योजना मंजूर केली. मुदत २०२५-२६ पर्यंतची. दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त, सीमेवरच्या आणि आकांक्षित जिल्ह्यांतल्या लोकांना आठ लाखांहून अधिक फ्री डिशचे डबे मोफत द्यायचं तिच्यात ठरलं होतं. गडचिरोली दुर्गम आहे, आदिवासी आहे आणि २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही आहे. योजना कागदावर चांगली आहे. पण डबे वाटले म्हणजे टीव्ही दिसला असं नव्हे. माझ्या चार मागण्या आहेत, आणि त्या कोणत्याही पुढच्या वाटपालाही लागू आहेत.

एक, आपल्या जिल्ह्यातल्या वाटपाची गावनिहाय यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी. मेंढा (लेखा) सारख्या गावाने आपल्या जंगलाचा, बांबूचा कारभार ग्रामसभेतून चालवून दाखवला आहे. छत्र्यांचा कारभार त्याहून अवघड नाही. दोन, जंगलपट्ट्यात देताना दोन फुटांची नव्हे, किमान अडीच फुटांची तबकडी द्यावी. एकच माप सोलापूरला आणि भामरागडला लावणं हा शहाणपणा नाही. तीन, प्रत्येक चार-पाच गावांमागे बचत गटातल्या दोन मुलींना छत्री लावण्याचं, दिशा साधण्याचं, डबा स्कॅन करण्याचं शिक्षण द्यावं. चार दिवसांत होण्यासारखं काम आहे. शिवणयंत्र शिकवतो, अगरबत्ती शिकवतो, मग हे का नाही? गावची छत्री गावातच दुरुस्त होईल आणि मेकॅनिकला जाणारे दोनशे रुपये गावातल्या मुलीला मिळतील. चार, ज्या टोल्यावर घरोघरी टीव्ही परवडत नाही, तिथे अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात एक मोठी छत्री आणि सौरऊर्जेवरचा एक टीव्ही असावा. ‘साइट’च्या काळात सगळं गाव एकाच टीव्हीसमोर बसायचं. त्यात कमीपणा नव्हता, उलट पाहिलेल्यावर चर्चा व्हायची.

आणि एक गोष्ट मागणीपेक्षा खंतीची. एटापल्ली-भामरागडच्या आतल्या भागात माडिया आजीसमोर टीव्ही लावला, तर ती चित्रं बघते आणि हसते. शब्द तिच्यापर्यंत पोचत नाहीत. माडिया-गोंडीत बोलणारा एकही स्वतंत्र चॅनेल मला आमच्या छत्रीवर सापडलेला नाही. शंभरावर चॅनेल, आणि या मातीची भाषा त्यात नाही. रोज अर्धा तास का होईना, पुराचा इशारा, लसीकरणाची तारीख, धानाचा भाव तिच्या भाषेत सांगायला काय हरकत आहे? आभाळातून येणाऱ्या लहरींना भाषेचं वावडं नसतं. ते खाली बसून ठरवणाऱ्यांना असतं.

काही जणी म्हणतील, आता कुठे छत्री घेऊन बसता, जग मोबाइलवर गेलं. गेलं असेल. चंद्रपूरच्या माझ्या घरी मीही कधी मोबाइलवर बघते. पण मोबाइल बहुधा एकाच्या हातात असतो आणि तो हात बहुतेक वेळा बाईचा नसतो. डेटा संपतो, टॉवर जातो. टीव्ही घरातल्या सगळ्यांचा असतो, म्हाताऱ्या सासूचाही. त्यामुळे निदान आमच्या भागात तरी छत्रीचे दिवस अजून सरलेले नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या तेंदूच्या हंगामात छत्रीवाला दारात आला, की घरातल्या माणसांना आत बसवा आणि तुम्ही पुढे व्हा. त्याला विचारा: दरमहा पैसे लागतील का? डबा कोणता? तबकडी केवढी? पावसाळ्यात समोरच्या सागाला पानं फुटली की काय होईल? आणि हे सगळं छपरावर नाही, अंगणात लावून देतोस का? पाचही उत्तरं मनासारखी आली, तरच डाळीच्या डब्याकडे हात न्या. नाहीतर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.